पाच नंबरच्या पिनेचं वर्णन

आमच्या सात इंची टचपॅनलच्या कागदात जोडणीचं एक टेबल होतं. सहा ओळी, तीन रकाने: नंबर, नाव, वर्णन. पहिली पिन सप्लाय, दुसरी ग्राउंड, तिसरी क्लॉक, चौथी डेटा, पाचवी इंटरप्ट (‘इकडे लक्ष द्या’ असा इशारा), सहावी रीसेट. पाचवीच्या नावाच्या रकान्यात ‘इंट’ आणि वर्णनाच्या रकान्यात ‘इंटरप्ट’. म्हणजे नाव काय विचारलं तर बंड्या, आणि हा कोण विचारलं तर बंडू.

मी कंपनीत येण्याआधीपासून ते टेबल तसंच होतं आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती. भोसरीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये यंत्रांवर बसवायची पॅनलं तयार होतात. डिस्प्ले आणि टचची काच बाहेरून येते. बोर्ड, खोका आणि फर्मवेअर (बोर्डात बसणारं सॉफ्टवेअर) आमचं. बरेच ग्राहक आमच्या कंट्रोलरसकट पॅनल घेतात, त्यांना पिनांशी काही देणंघेणं नसतं. पण काही जण नुसतं पॅनल घेतात आणि स्वतःच्या बोर्डाला जोडतात. तो कागद त्यांच्यासाठी. माझं काम फर्मवेअर लिहिणं, आणि छोट्या कंपनीत फर्मवेअर लिहिणाऱ्याच्या गळ्यात कागदपत्रं आपोआप पडतात.

फोन आला सांगलीकडून. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी यंत्र बनवणारे ते ग्राहक. वजनकाटा, फॅट मोजणारं मशीन आणि पावती छापणारा प्रिंटर यांना एकत्र बांधणारा डबा, आणि डब्यावर आमचं पॅनल. त्यांचं म्हणणं असं: “मॅडम, सकाळच्या संकलनाला टच घेत नाही. स्क्रीन लागतो, आकडे दिसतात, पण बोट लावलं तर काही नाही. दुपारी तोच डबा शॉपला आणला की झकास चालतो.”

संकलन केंद्र म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यांनी एकच निदान केलं, ओले हात. कॅपॅसिटिव्ह टच बोटाची धारिता मोजतो, पाण्याचा थर त्याला बोटासारखाच वाटतो, हे खरं आहे. पण पाण्यानं टच वेडा होतो, मुका होत नाही. नको तिथे बटणं दाबली जातात, एक बोट असताना तीन दिसतात. इथे एकही बोट दिसत नव्हतं. मी त्यांना लॉग, म्हणजे यंत्रानं स्वतः ठेवलेली नोंद, पाठवायला सांगितला. त्यात टचच्या चिपनं चालू होताना आयटूसी बसवर, म्हणजे चिपा ज्या दोन तारांवरून बोलतात तिथे, उत्तरच दिलं नव्हतं. डबा बंद करून पुन्हा चालू केला की कधी उत्तर येई, कधी नाही. आणि एकदा उत्तर आलं की मग वीज जाईपर्यंत टच व्यवस्थित.

हा शेवटचा धागा महत्त्वाचा होता. जे काही बिघडत होतं ते चालू होण्याच्या क्षणी बिघडत होतं, नंतर नाही.

आमच्या काचेवर गुडिक्स कंपनीची जीटी९११ ही टचची चिप आहे. एका वेळी पाच बोटं ओळखते, आयटूसीवर ४०० किलोहर्ट्झपर्यंत बोलते, आणि छोट्या पॅनलांत ती इतकी पसरली आहे की इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर कधी ना कधी येऊन गेलेली असते. तिचा एक स्वभाव आहे. तिला आयटूसीचे दोन पत्ते आहेत, हेक्स ५डी आणि हेक्स १४ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायातले आकडे). कुठला घ्यायचा हे ती रीसेटमधून बाहेर पडताना ठरवते, आणि ते ठरवायला बघते इंट पिनेकडे. रीसेटची पिन वर जाते त्या घडीला इंट खाली असेल तर ५डी, वर असेल तर १४. म्हणजे जिला आम्ही ‘इंटरप्ट’ म्हणून सोडून दिलं होतं ती पिन सुरुवातीचे काही मिलिसेकंद चिपची इनपुट असते. पत्ता ठरला की मग ती आउटपुट होते आणि बोट लागलं की होस्टला, म्हणजे पॅनल ज्या बोर्डाला जोडलंय त्याला, कळवू लागते.

ग्राहकांनी एक डबा कुरियरनं पाठवला. आमच्या लॅबमध्ये तो अर्थातच पहिल्या फटक्यात चालला. मी सीआरओचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा) एक प्रोब रीसेटवर लावला, दुसरा इंटवर, आणि रीसेटच्या चढत्या काठावर, म्हणजे तो खालून वर जातो त्या क्षणावर, ट्रिगर लावून डबा चालू केला. रीसेट ३.३ व्होल्टला गेला. इंट त्या वेळी १.६५ व्होल्टवर होती. ना वर, ना खाली, बरोबर मध्ये, आणि अगदी सपाट. तरंगणारी पिन अशी सपाट नसते, तिच्यावर पन्नास हर्ट्झची थरथर दिसते. ही रेघ म्हणजे दोन सारखे रोध दोन बाजूंनी ओढताहेत, याची पावतीच.

आमच्या बोर्डाचं स्किमॅटिक, म्हणजे जोडणीची आकृती, उघडलं. इंटवर १० किलो-ओहमचा रोध, ग्राउंडकडे. कुणीतरी विचार करूनच लावलेला, होस्टनं काहीच केलं नाही तरी पत्ता ५डी यावा म्हणून. मग ग्राहकांचा बोर्ड उलटा करून बघितला, तर इंटवर १० किलोचाच रोध, ३.३ व्होल्टकडे, म्हणजे पिन वर ओढणारा पुलअप. चिपपुढे नेमका अर्धा व्होल्टेज ठेवला की ती शून्य वाचेल की एक, हे कुणालाच सांगता येत नाही. तापमान, सप्लाय चढण्याचा वेग, चिपचा लॉट, यातल्या कशानंही कौल फिरतो. भल्या पहाटेच्या गारठ्यात एक कौल, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये दुसरा. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त ५डीवर हाक मारत होतं. चिप १४ वर बसली असेल त्या दिवशी टच मेलेला.

मी फोन लावला. “पुलअप कशाला लावला होता तुम्ही?”

“मॅडम, तुमच्या कागदात इंटरप्ट लिहिलंय. इंटरप्ट म्हटल्यावर पुलअप लावतोच की आपण.”

यावर बोलायला जागाच नव्हती. कितीतरी चिपांची इंटरप्टची पिन ओपन ड्रेन असते, फक्त खाली ओढू शकते, वर आणायला बाहेरून पुलअप लागतोच. तो लावणं ही चांगली सवय आहे. चूक सवयीत नव्हती. आमच्या कागदात त्या पिनेवर आधीच काय लावलंय याचा पत्ता नव्हता, आणि ती पिन सुरुवातीला कोणाच्या ताब्यात असते याचाही.

त्यांचं काम तेवढ्यापुरतं पटकन झालं. पुलअप काढला, आणि सॉफ्टवेअरनं रीसेट सोडण्याआधी इंट स्वतः खाली धरायची असं ठरलं. उरला कागद.

आमचे हार्डवेअरचे सर म्हणाले, “टीप टाक ना एक, पाच नंबरला पुलअप लावू नये. झालं.” मला ते पटलं नाही. कारण न सांगता घातलेली मनाई पहिल्या अडचणीला मोडली जाते. शिवाय अर्धीच गोष्ट होती ती. पुलअप न लावता कोणी होस्टची पिन आउटपुट करून खाली धरली आणि तशीच ठेवली, तर पत्ता बरोबर येईल, पण मग चिप ती पिन वर ढकलणार आणि होस्ट खाली दाबणार. दोन आउटपुट एकमेकांच्या अंगावर. इंटरप्ट तर येणार नाहीच.

म्हणून मी आधी पाच नंबरबद्दल जे जे खात्रीनं सांगता येतं ते गोळा करायला बसले. चिपच्या डेटाशीटमध्ये ही सगळी हकिकत वेळेच्या आकृतीत आहे. आमच्या टेबलात येईपर्यंत आकृती गळली आणि नाव तेवढं उरलं. दुसरा साक्षीदार लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ही चिप चालवणारा तिथला प्रोग्राम. त्यात गुडिक्सच्या फाइलमध्ये रीसेटचा क्रम ओळीनं लिहिलाय आणि शेजारी कॉमेंटमध्ये प्रत्येक थांब्याची किमान वेळ आहे: रीसेट खाली १० मिलिसेकंदांहून जास्त, इंटवर पत्त्याची पातळी ठेवल्यावर १०० मायक्रोसेकंदांहून जास्त, मग रीसेट वर, मग ५ मिलिसेकंदांहून जास्त, मग इंट खाली आणून ५० मिलिसेकंद, आणि त्यानंतर इंट इनपुट. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीच्या) कागदातही इंटरप्टच्या पिनेसमोर स्पष्ट म्हटलंय की रीसेट करताना ड्रायव्हर ही पिन आउटपुट म्हणून वापरतो. एक वाक्य. आमच्याकडे तेवढं एक वाक्य असतं तर सांगलीचा डबा पुण्याला आलाच नसता.

त्या ड्रायव्हरमध्ये एक गंमत सापडली आणि तिनं सहाव्या पिनेची ओळ बदलली. चिपचा रीसेट शून्यावर लागतो. मग डिव्हाइस ट्रीत रीसेटच्या पिनेला ‘ॲक्टिव्ह लो’ लिहायचं, असं कुणालाही वाटेल. पण हा ड्रायव्हर रीसेट करताना शून्य लिहितो आणि सोडताना एक, आणि कागदातल्या उदाहरणातही पिनेपुढचा फ्लॅग शून्य आहे, म्हणजे ‘ॲक्टिव्ह हाय’. चिपचा कागद वाचून कोणी इमानदारीनं ‘ॲक्टिव्ह लो’ लिहिलं तर सगळा क्रम उलटतो. म्हणून मी आमच्या टेबलात ‘ॲक्टिव्ह लो’ हे शब्दच टाळले. लिहिलं ते असं: या पिनेवर ० व्होल्ट असेपर्यंत चिप रीसेटमध्ये राहते, ३.३ व्होल्ट आल्यावर कामाला लागते. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही शून्य लिहा नाहीतर एक, मल्टिमीटरनं मोजल्यावर पिनेवर काय दिसायला हवं ते हे.

शिवाय तोच ड्रायव्हर रीसेट झाल्यावर ती पिन पुन्हा इनपुट करतो, वीज वाचावी म्हणून. म्हणजे पॅनलवर पुलअप आहे असं गृहीत धरून. आमच्या बोर्डावर आहे, पण तेही कागदात कुठे नव्हतं. लिहिलं.

इंटरप्ट कुठल्या काठावर येतो, हा तिसरा गुंता. जुन्या काळचे काही ईमेल सापडले, त्यांत आमच्याच कुणीतरी एका ग्राहकाला ‘फॉलिंग एज’ कळवलं होतं, आणि दुसऱ्या ग्राहकाला ‘रायझिंग’. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण या चिपमध्ये तो हार्डवेअरचा गुणच नाही, सेटिंग आहे. हेक्स ८०४डी या रजिस्टरच्या (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्याच्या) खालच्या दोन बिटांत ते ठरतं: चढता काठ, उतरता काठ, खालची पातळी, वरची पातळी. लिनक्सचा ड्रायव्हर तर चिपच्या कॉन्फिगरेशनमधूनच हे वाचून त्याप्रमाणे इंटरप्ट मागतो. मी आमच्या फॅक्टरीतून निघणारी सेटिंग्ज वाचली, ती उतरत्या काठाची होती, आणि टेबलात तसं लिहिलं, ‘कॉन्फिगरेशन बदललंत तर हेही बदलेल’ या जोडीसकट.

आता मूळ ओळ. कागद इंग्रजीत आहे, पण मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा झाला:

“पिन ५, इंट. चालवतो कोण: रीसेट सुटेपर्यंत होस्ट, नंतर पॅनल. रीसेट (पिन ६) वर जाताना या पिनेवर ० व्होल्ट असल्यास आयटूसीचा पत्ता ५डी, ३.३ व्होल्ट असल्यास १४. होस्टनं ही पातळी रीसेट वर नेण्याच्या किमान १०० मायक्रोसेकंद आधीपासून, रीसेट वर गेल्यावर किमान ५ मिलिसेकंदांपर्यंत धरावी. मग पिन खाली आणून किमान ५० मिलिसेकंद ठेवावी आणि इनपुट करावी, आतला पुलअप-पुलडाउन बंद ठेवून. पॅनलवर ग्राउंडकडे १० किलो-ओहम लावलेला आहे. बाहेरून पुलअप लावल्यास पत्ता अनिश्चित होतो.”

एका शब्दाच्या जागी हे. सेल्सवाल्यांनी नाक मुरडलंच. “बाकीच्यांच्या ब्रोशरमध्ये सहा ओळी असतात, आपलं बघून वाटतं हे पॅनल जोडायला इंजिनिअर लागतो.” इंजिनिअर लागतोच, असं मी म्हटलं नाही. तडजोड अशी झाली की पहिल्या पानावर छोटं टेबल आणि प्रत्येक ओळीत ‘पान ३ पाहा’. पण छोट्या टेबलातही पाचवीसमोर नुसतं ‘इंटरप्ट’ ठेवायला मी नकार दिला. तिथे आता ‘पत्ता निवड, नंतर इंटरप्ट’ आहे. त्या चार शब्दांसाठी ब्रोशरचा फॉन्ट अर्ध्या पॉइंटनं लहान करावा लागला. डिझायनर अजून धुसफुसतोय.

एकदा ‘चालवतो कोण’ हा रकाना आल्यावर बाकीच्या पिनांनाही तोच प्रश्न विचारणं भाग पडलं. आधी त्या जागी ‘इनपुट/आउटपुट’ असा रकाना घालायचा विचार होता. पण कुणाचा इनपुट? पॅनलच्या बाजूनं बघितलं तर रीसेट इनपुट, होस्टच्या बाजूनं बघितलं तर आउटपुट, आणि वाचणारा नेहमी स्वतःच्या बाजूनं बघतो. सिरिअल पोर्टच्या टीएक्सला (पाठवणाऱ्या पिनेला) टीएक्स जोडून बसलेला माणूस प्रत्येक कंपनीत एकदा तरी सापडतोच. ‘पॅनल’, ‘होस्ट’ किंवा ‘दोघे’ असं लिहिलं की तो वाद संपतो.

क्लॉक आणि डेटा या दोन पिनांची ओळ मला वाटलं होतं त्यापेक्षा लांबली. आयटूसी ही १९८२ मधली फिलिप्सची पद्धत, दोन्ही तारा ओपन ड्रेन, पुलअपशिवाय काही हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण तो पुलअप कोणाकडे? आमच्या बोर्डावर ४.७ किलोचे आहेत. ग्राहक स्वतःचे ४.७ किलोचे लावतो, दोन्ही समांतर होऊन २.३५ किलो होतात, ३.३ व्होल्टला साधारण १.४ मिलिअँपिअर. खाली ओढणाऱ्या चिपला आयटूसीच्या नियमानुसार ३ मिलिअँपिअर पेलता आले पाहिजेत, म्हणजे चालतं. पण त्याच बसवर आणखी दोन-तीन मॉड्यूल असतील आणि प्रत्येकाचे आपापले पुलअप, तर गणित बिघडत जातं. म्हणून रोधाची किंमत छापली, आणि तो ३.३ व्होल्टला बांधलाय हेही. पाच व्होल्टवाल्या आर्डुइनो उनोला पॅनल थेट जोडणाऱ्यांसाठी वेगळी ओळ घातली, कारण त्या बोर्डाची ‘वायर’ नावाची सॉफ्टवेअर लायब्ररी सुरू होताच त्या दोन तारांवर आतले पुलअप लावते, आणि ते पाच व्होल्टकडे असतात.

पत्त्याबद्दल अजून एक. चिपच्या कागदात पत्ते बीए/बीबी आणि २८/२९ अशा जोड्यांत लिहिलेले असतात, म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा शेवटचा बिट धरून आठ बिट. सॉफ्टवेअरला मात्र बहुतेक ठिकाणी सात बिटांचा पत्ता लागतो, तो ५डी आणि १४. बीए म्हणजे दशमानात १८६, आणि सात बिटांत १२७ च्या वर काही बसतच नाही. तरी बीए टाकून ‘चिप मेली’ म्हणणारे फोन मी स्वतः घेतलेत. टेबलाखाली दोन्ही रूपं शेजारी-शेजारी छापली.

एक गोष्ट कुठल्याच डेटाशीटमध्ये नव्हती: पहिली पिन कुठली? टेबलात १ ते ६ लिहिलंय, बोर्डावर पहिल्या पिनेजवळ छोटा त्रिकोण छापलाय, सगळं रीतसर. पण कनेक्टर सोल्डर झाल्यावर तो त्रिकोण त्याच्याच प्लास्टिकखाली जातो. लेआउटच्या स्क्रीनवर कनेक्टरची फक्त बाह्यरेषा असते, त्यामुळे तिथे तो छान दिसतो. त्यात पॅनलला जोडायची अर्ध्या मिलिमीटर अंतरावरच्या तारांची चपटी पट्टी दोन जातींची मिळते, दोन्ही टोकांचे संपर्क एकाच बाजूला किंवा विरुद्ध बाजूंना. चुकीची जात घेतली की १ च्या जागी ६. सरांनी पुढच्या लॉटसाठी त्रिकोण बाहेर सरकवला. सध्याच्या पॅनलांसाठी मी मोबाइलनं फोटो काढला, त्यावर बाण टाकला आणि पट्टी कुठल्या जातीची घ्यायची ते खाली लिहिलं. सगळ्या कागदात लोकांना सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट बहुधा हा फोटोच असेल.

कागद तयार झाल्यावर तो कुणाला तरी देऊन बघणं गरजेचं होतं, आणि ज्यांना आधीच माहीत आहे त्यांच्याकडून काहीच कळत नाही. टेस्टिंगला डिप्लोमाचा एक मुलगा नुकताच लागला होता. त्याला पॅनल, एक साधा कंट्रोलर किट आणि छापलेला कागद दिला, आणि मी शेजारी गप्प बसले. गप्प बसणं हेच त्यातलं अवघड काम. तो पाचव्या पिनेपर्यंत नीट आला, मग थांबला. “मॅडम, रिलीज करायची म्हणजे वायर काढायची का?” मी ‘इंट रिलीज करा’ असं लिहिलं होतं. ते बदलून ‘होस्टची पिन इनपुट करा, वायर तशीच राहू द्या’ केलं. थोड्या वेळानं दुसरा प्रश्न: “पाच मिलिसेकंद म्हणजे बरोबर पाच, की पाच तरी?” त्या मसुद्यात ‘किमान’ नव्हतं. वर दिलेल्या मजकुरात जितके ‘किमान’ आहेत ते सगळे त्या मुलाचे.

तिसरा प्रश्न त्यानं विचारला नाही, पण मल्टिमीटर हातात होता म्हणून त्यानं वीज बंद असताना इंट आणि ग्राउंडमध्ये रोध मोजला. कागदात १० किलो, मीटरवर काहीच नाही. पॅनल बिघडलेलं म्हणून त्यानं बाजूला ठेवलं. मी स्टोअरमधून दुसरं मागवलं, त्यावर ९.९८ किलो. मग दोन्हींच्या मागच्या बाजूचा नंबर बघितला. पहिलं पॅनल होतं जुन्या रिव्हिजनचं, ज्यात तो रोध नव्हताच. म्हणजे बाजारात दोन्ही जातीची पॅनलं फिरत होती, एकाच कागदासह. जुन्या पॅनलवर ग्राहकानं पुलअप लावला असेल तर त्याला कायम १४ मिळत असणार, आणि त्यानं त्याप्रमाणे सॉफ्टवेअर लिहून ते सुखात चालत असणार. उद्या त्यानं नवीन पॅनल मागवलं की त्याचा टच सांगलीसारखा सकाळी एक, दुपारी एक.

आता हा नुसता कागदाचा प्रश्न राहिला नव्हता. रोध काढून टाकावा का, यावर सरांची आणि माझी बरीच खडाजंगी झाली. माझं म्हणणं, काढा, म्हणजे सगळी पॅनलं सारखी. त्यांचं म्हणणं, काढला तर जे होस्ट इंटला हातच लावत नाहीत त्यांची पिन तरंगत राहील, आणि ते जास्त वाईट. त्यांचं बरोबर होतं. शेवटी रोध राहिला, टेबलात ‘रिव्हिजन बी पासून’ अशी खूण आली, नंबर बोर्डावर कुठे बघायचा ते आलं, आणि जुनी पॅनलं घेतलेल्या ग्राहकांना एक पानी पत्र गेलं. पत्रात सॉफ्टवेअरसाठीही एक सल्ला टाकला: आधी ५डीवर हाक मारा, उत्तर नाही आलं तर १४ वर, आणि जिथे उत्तर येईल तिथे हेक्स ८१४० पासूनची अक्षरं वाचून ‘९११’ मिळतंय का ते पाहा. हा काही इलाज नव्हे, पण शेतावरच्या केंद्रात पहाटे पाचला फोन करण्यापेक्षा बरा. हेक्स ८१४ई साफ केलं नाही तर नवीन बिंदू येत नाहीत वगैरे गोष्टी मी मुद्दाम पिनांच्या पानावर येऊ दिल्या नाहीत. त्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात.

सध्या टेबलावर दुसरा कागद आहे, जुन्या रेझिस्टिव्ह टचच्या पॅनलचा. त्यावर एक्सपीटी२०४६ जातीची चिप, आणि तिच्या पेन-इंटरप्टच्या पिनेसमोर लिहिलंय ‘टच झाल्यावर खाली जाते’. जाते हे खरं. पण होस्ट मोजमापाची आज्ञा देतो तेव्हा मोजमाप चालू असतानाही ती खाली येऊ शकते, कोणी हात लावलेला असो वा नसो, म्हणून त्या वेळात हा इंटरप्ट झाकून ठेवायचा असतो. ती ओळ लिहून झाली आहे. सिरिअल डेटाच्या दोन पिनांवर मात्र पॅनलवर डीआयएन आणि डीओ छापलंय आणि कागदात एमओएसआय आणि एमआयएसओ, तेही एका ठिकाणी उलटं. सरांकडून स्किमॅटिक मागवलंय, ते आलं की मल्टिमीटरचा बीप लावून खात्री करायची आणि मगच ती ओळ भरायची.